आधी सिंक, मग मासा

मासा करायला वीस मिनिटं लागतात आणि आवरायला तासभर. हे गणित ज्याच्या हातात घासणी असते त्यालाच कळतं. आमच्या घरी ती माझ्या हातात असते. बायको मासे तळते, उत्तम तळते, आणि जेवण झालं की हात धुऊन मोकळी होते. मागे उरतं ते असं : मसाला लावलेलं ताट, पिठाचं ताट, तवा, उलथणं, तुकडे निथळत ठेवलेली थाळी, तिच्यावरचं झाकण, बर्नरभोवती जळून काळं झालेलं पीठ आणि मागच्या टाइल्सवर तेलाचे ठिपके. वासाचं तर विचारूच नका. दुसऱ्या दिवशी पडद्याला नाक लावलं तरी कळतं रात्री काय झालं होतं ते.

त्यामुळे आमच्याकडे मासा आठवड्यातून एकदाच, सुट्टीच्या दिवशी व्हायचा. मधल्या दिवसांत ‘नको, पसारा होतो’ हे वाक्य ठरलेलं. शेवटी मधल्या दिवसांचे मासे मीच करायचे ठरवले. ज्याने घासायचं त्यानेच शिजवायचं. अट एकच घातली : काय करायचं हे ठरवण्याआधी सिंकमध्ये काय काय पडणार ते मोजायचं. चवीचा विचार त्यानंतर.

आधी मी बसून विचार केला की हा पसारा मुळात होतो कशाने. मासा तसा पसारा करणारा प्राणी नाही. त्याच्या अंगात पाणी भरपूर, स्नायू मऊ आणि शिजायला वेळ जेमतेम. गोंधळ सुरू होतो तो ओला मासा तापलेल्या तेलात पडला की. पाण्याची वाफ झाली की तिला मूळ पाण्याच्या सुमारे १६०० पट जागा लागते, आणि ती जागा मिळवण्यासाठी ती तेलाला उडवून लावते. हेच टाइल्सवरचे ठिपके. यातले काही थेंब इतके बारीक असतात की खाली पडतच नाहीत, हवेत तरंगत जातात आणि पडद्यावर, उशीवर, केसांवर बसतात. टाइल्सवर राहिलेलं तेल उष्णतेने आणि हवेने घट्ट होत जातं आणि त्याचा तो चिकट पिवळट थर बनतो, जो साबणाला दाद देत नाही.

दुसरी गोष्ट चिकटण्याची. माशाची प्रथिनं गरम धातूला थेट चिकटतात आणि नुसत्या तेलाने ते पुरतं टळत नाही. तवा चांगला तापलेला आणि मासा कोरडा असला की पृष्ठभाग चटकन आवळतो आणि तुकडा सुटतो. तसं नसलं तर साल तव्याला आणि मांस उलथण्याला, अशी वाटणी होते.

तिसरी गोष्ट वासाची, आणि इथे थोडं रसायन आहे. समुद्रातल्या माशांच्या अंगात ट्रायमिथाइलअमाइन ऑक्साइड नावाचं द्रव्य असतं. खाऱ्या पाण्यात शरीरातला समतोल राखायला ते त्यांना लागतं, आणि त्याला स्वतःला वास नसतो. मासा मेल्यावर जिवाणू त्याचं ट्रायमिथाइलअमाइन करतात आणि तोच आपल्याला नको असलेला वशाट वास. हे द्रव्य अल्कधर्मी आहे. लिंबू, चिंच, व्हिनेगर असं काही आंबट लावलं की त्याचा क्षार होतो आणि तो हवेत उडत नाही, म्हणून वास दबतो. गोड्या पाण्यातल्या माशांत हे द्रव्य फारसं नसतं. त्यांचा मातकट वास वेगळ्या द्रव्याचा असतो, पण आंबटाने तोही कमी होतो. म्हणजे मासा आणि लिंबू ही जोडी नुसती चवीची नाही.

एवढं लक्षात आल्यावर रस्ता जवळजवळ ठरूनच गेला. मासा उघड्यावर शिजवायचा नाही, धातूला लागू द्यायचा नाही आणि त्याच्याजवळ आंबट काहीतरी असू द्यायचं. या तिन्ही अटी एकाच वेळी पाळणारी गोष्ट म्हणजे कागदाची पुडी.

पुडीत मासा शिजवण्याची पद्धत जुनी आहे. फ्रेंच तिला ‘आं पापियोत’ म्हणतात, इटालियन ‘अल कार्तोच्चो’. नाव भारदस्त आहे, काम शाळकरी पोराला जमेल असं. बेकिंग पेपरचा हातभर लांब तुकडा घ्यायचा, मधोमध दुमडून घडी पाडायची आणि उघडायचा. घडीच्या एका बाजूला कांद्याच्या पातळ चकत्या, टोमॅटो, वाटल्यास सिमला मिरची. त्यावर मासा. माशावर मीठ, हळद, तिखट, ठेचलेला लसूण, चमचाभर तेल आणि लिंबू पिळून. दुसरी बाजू वर आणायची आणि कडेला लहान लहान घड्या एकावर एक चढवत पुडी बंद करायची. शेवटची घडी पिळून खाली दाबली की ती उघडत नाही. घड्या नीट बसल्या पाहिजेत, कारण आतल्या वाफेवरच सगळं शिजणार आहे. पुडी ट्रेवर ठेवायची आणि दोनशे अंशांना तापलेल्या ओव्हनमध्ये सरकवायची. थोड्या वेळाने ती फुगते. ती फुगलेली बघायला मला अजूनही ओव्हनच्या काचेपुढे उभं राहावंसं वाटतं.

कामाचा क्रम महत्त्वाचा, कारण खरी बचत तिथे आहे. आधी भाज्या चिरायच्या. मसाला एका वाटीत कालवायचा, आणि हे मासा पिशवीबाहेर यायच्या आत करायचं. मग मासा थेट कागदावर काढायचा आणि तिथेच कागदी रुमालाने टिपून कोरडा करायचा. नळाखाली धरून धुवायचा नाही. धारेने कच्च्या माशाचं पाणी सिंकभर आणि ओट्यावर उडतं, आणि त्याबरोबर जिवाणूही. मसाला वाटीतून चमच्याने वरून घालायचा, बोटांनी चोळायचा नाही. म्हणजे कापायच्या फळीला मासा लागलाच नाही, सुरीला लागला नाही, ताट घेतलंच नाही. टिपलेले रुमाल पिशवीत गुंडाळून गाठ मारली की झालं. सिंकमध्ये पडतात ती फळी, सुरी, वाटी आणि चमचा, आणि चौघांनाही वशाट वास नसतो. ट्रेला काही लागलेलंच नसतं. पुडी सरळ ताटात ठेवून कात्रीने कापली की ताटही निम्मं स्वच्छ राहतं.

कागदाबद्दल एक सूचना. बेकिंग पेपर आणि मेणकागद दिसायला भाऊ-भाऊ, पण मेणकागद ओव्हनमध्ये घालू नये, मेण वितळतं. बेकिंग पेपरवर सिलिकॉनचा थर असतो, आणि किती अंशांपर्यंत चालेल ते खोक्यावर लिहिलेलं असतं. बहुतेकांची मर्यादा सव्वादोनशेच्या आसपास असते. फॉइलची पुडी आणखी सोपी, नुसती चिमटली की बंद होते. पण लिंबू किंवा चिंच असली की आम्ल ॲल्युमिनियमला खातं, फॉइलला बारीक भोकं पडतात आणि धातू अन्नात उतरतो. माझ्या पुडीत आंबट असणारच, म्हणून मी कागदावर राहिलो. ज्यांना फॉइलच सोयीचं वाटतं त्यांनी आत कागद आणि बाहेर फॉइल असं करावं.

वेळेचं काय? पुडी बंद, आत दिसत नाही, टोचून बघता येत नाही. इथे एक जुना ठोकताळा उपयोगी पडला. तो कॅनडाच्या मत्स्यखात्याच्या नावाने ओळखला जातो : मासा सर्वांत जाड जिथे असेल तिथे मोजायचा आणि दर इंचाला, म्हणजे अडीच सेंटिमीटरला, १० मिनिटं धरायची. तो तेज आचेसाठी आहे. पुडीत असेल तर पाचेक मिनिटं वाढवायची, आणि गोठलेला तसाच घातला तर वेळ दुप्पट. माशाचं वजन, लांबी, जात यांतलं काही विचारायचं नाही, फक्त जाडी. मी ओट्याच्या खणात एक शाळेची पट्टी ठेवली. बायको हसली, पण पट्टी अजून तिथेच आहे.

ठोकताळ्यावर सगळा भार टाकू नये. पुडी उघडल्यावर जाड भागात सुरीचं टोक घालून बघावं. मांस काचेसारखं अर्धपारदर्शक दिसणं थांबून पांढुरकं झालेलं आणि पाकळ्यांनी सुटणारं असलं की झालं. थर्मामीटर असेल तर आत ६३ अंश सेल्सियस, अमेरिकेच्या अन्नसुरक्षेच्या मार्गदर्शनात माशासाठी हाच आकडा आहे. त्याच्या फार पुढे जाऊ नये. प्राण्यांच्या मांसातले चिवट धागे विरघळायला तास लागतात. माशात ते मुळात थोडे आणि कमी उष्णतेत विरघळणारे, म्हणून जास्त शिजवून काहीच मिळत नाही, फक्त पाणी जातं. वर पांढरे दह्यासारखे गोळे दिसले तर समजावं की प्रथिन पिळून बाहेर आलं. खायला त्यात काही वाईट नाही, पण पुढच्या वेळी दोन मिनिटं कमी.

घरातली पहिली प्रतिक्रिया मात्र थंड होती. “मासा आहे की पथ्य?” असं विचारलं गेलं. प्रश्न रास्त होता. पुडीत साल कुरकुरीत होत नाही, कधीच होणार नाही, कारण वाफेत काही कुरकुरीत होत नसतं. खमंगपणा येतो तो कोरड्या, दीडशे अंशांच्या पुढच्या उष्णतेने, आणि पुडीच्या आत पाणी आहे तोवर तापमान शंभराच्या घरातच घुटमळतं. हे मान्य करून टाकलं तर पुडीतल्या माशाची स्वतःची चव दिसायला लागते. कांदा-टोमॅटो आणि माशाचा रस मिळून खाली जो रस्सा जमतो, तो तव्यावर कधी मिळत नाही, तव्यावर तो जळून जातो. खमंगपणाची उणीव मी मसाल्यातून भरून काढली. धने-जिरे कोरडे भाजून भरड करून घालायचे, लसूण आधी तेलात लाल करून घ्यायचा. हे लहान कढलीत होतं, म्हणजे एक भांडं वाढतं, पण त्याला मासा शिवलेला नसतो. पुसलं तरी चालतं.

रोज ओव्हन तापवायचा कंटाळा येतो, आणि एका माणसासाठी तर तो शुद्ध वेडेपणा आहे. अशा दिवसांसाठी झाकणाचं पसरट पॅन. तळाला कांद्याच्या जाड चकत्यांची बैठक घालायची, त्यावर मासा, वरून मसाला, कडेने दोन-तीन चमचे पाणी आणि चिंचेचा कोळ, झाकण, मंद आच. मासा धातूला टेकतच नाही, कांदा टेकतो. कांदा थोडा लागला तरी गोड लागतो आणि चमच्याने सुटतो. उलटायचा नाही, वरची बाजू वाफेवर शिजते. उलटायचा नाही म्हटल्यावर उलथणं लागत नाही आणि तुकडा मोडत नाही. पॅन तसंच टेबलावर ठेवायचं. बटाट्याची बैठक करायची असेल तर चकत्या अगदी पातळ कापून आधी निम्म्याअधिक शिजवून घ्याव्यात. मासा बटाट्याची वाट बघत बसत नाही.

माझा सगळ्यांत आवडता प्रकार मात्र भातावरचा. भात नेहमीसारखा मीठ आणि थोडं आलं घालून शिजायला ठेवायचा. पाणी जवळजवळ आटलं, वर भोकं दिसू लागली, की आच अगदी मंद करून मसाला लावलेले तुकडे भातावर अलगद मांडायचे आणि झाकण घट्ट लावायचं. दोन सेंटिमीटर जाडीचे तुकडे आठ-दहा मिनिटांत होतात. मग आच बंद करून पाच मिनिटं झाकण उघडायचं नाही. माशातून सुटलेलं सगळं भातात मुरतं. एक पातेलं, एक झाकण, बस. काटे कमी असलेला मासा घ्यावा. भातात हरवलेला काटा शोधणं हे काम भांडी घासण्यापेक्षा वाईट.

मायक्रोवेव्हबद्दल लोक नाक मुरडतात. मी मुरडत नाही. मासा ओलसर आणि पातळ असतो, म्हणून या यंत्राला तो चांगला मानवतो. खोलगट ताटलीत एक तुकडा, लिंबू, मीठ, आलं, वर उपडी ताटली, मध्यम ताकदीवर तीन-चार मिनिटं आणि मग मिनिटभर तसंच. शेपटाकडचा पातळ भाग आत दुमडून घ्यायचा, नाहीतर तो वातड होतो. ज्या ताटलीत शिजतो तिच्यातच खायचा. पुडी करणार असाल तर ती कागदाचीच. फॉइल इथे आत जाता कामा नये.

एअर फ्रायर मला घासायच्या दृष्टीने पटलेला नाही. तेल कमी लागतं, साल खरंच कुरकुरीत होते, हे सगळं मान्य. पण ती जाळीची टोपली! प्रत्येक भोकात माशाचं काहीतरी अडकलेलं. तळाशी बेकिंग पेपर घातला तर पुष्कळ निभावतं, फक्त रिकाम्या यंत्रात कागद ठेवून ते तापवायचं नाही. पंख्याच्या झोताने कागद उडून तापलेल्या कॉइलला लागू शकतो.

गोठवलेल्या माशाने मधले दिवस फार सोपे केले. एकेक तुकडा सुटा गोठवलेला असला की हवा तेवढाच काढता येतो. सकाळी आठवण झाली तर फ्रीजच्या खालच्या कप्प्यात ताटलीवर काढून ठेवतो. हवाबंद पिशवीतला असेल तर पिशवी आधी फोडायची, कारण हवा नसलेल्या जागेत बोट्युलिझम नावाची घातक विषबाधा करणारे जिवाणू फ्रीजच्या थंडीतही वाढू शकतात. आठवण राहिली नाही तर गोठलेलाच पुडीत. वितळताना थोडं पाणी सुटतं, तेवढं कांदा सांभाळून घेतो.

बांगडा, तारली, ट्यूना यांच्याबाबत मी जरा जास्त काटेकोर आहे. हे मासे उबेला राहिले की त्यांच्यात जिवाणूंमुळे हिस्टामिन तयार होतं, आणि ते शिजवल्याने नष्ट होत नाही. खाल्ल्यावर चेहरा लाल होतो, डोकं दुखतं, अंगावर पित्त उठल्यासारखं होतं. म्हणून आणल्या आणल्या फ्रीजमध्ये, आणि उरलेला शिजवलेला मासाही दोन तासांच्या आत फ्रीजमध्ये. चवीची बाजू वेगळी : हे तेलकट मासे पुडीत सुकत नाहीत, नवशिक्याला पुष्कळ सांभाळून घेतात. सालीखालच्या चरबीमुळे दोन-तीन मिनिटं इकडेतिकडे झाली तरी खपून जातं.

आता घासण्याबद्दल, कारण माझा खरा विषय तोच. माशाचं भांडं पहिल्यांदा गार पाण्यानेच विसळायचं. गरम पाणी टाकलं की भांड्यावर राहिलेलं प्रथिन शिजून आणखी घट्ट बसतं. अंडं फेटलेल्या वाटीचंही तेच. गार पाण्याने ते सुटलं की मग गरम पाणी आणि साबण, तेलासाठी. तेलकट पॅन आधी कागदाने पुसून घ्यायचं, तेल मोरीत ओतायचं नाही. वास हाताला किंवा फळीला राहिला असेल तर पिळून झालेली लिंबाची फोड घासायची. कारण तेच, आम्ल. माशाची घासणी वेगळी ठेवावी का? मी ठेवत नाही, पण त्या रात्री घासणी उकळत्या पाण्यात बुडवून पिळून टांगतो.

काट्यांचं आणि सालीचं मी एक केलं, ज्याने घरातली निम्मी भांडणं मिटली. जेवण झालं की सगळे काटे त्याच बेकिंग पेपरमध्ये गुंडाळायचे, पुडी लहान पिशवीत घालायची आणि पिशवी फ्रीझरमध्ये. कचरा जायच्या दिवशी बाहेर. गोठलेल्या काट्यांना वास येत नाही. फ्रीझरमध्ये कचरा ठेवायचा ही कल्पना बायकोला अजून पटलेली नाही, म्हणून पिशवीवर मोठ्या अक्षरांत लिहून ठेवावं लागतं. एकदा पाहुण्यांनी ती बर्फाची पिशवी समजून काढली होती.

आणि ज्या दिवशी काहीच करवत नाही त्या दिवशी डबा. डब्यातल्या तारलीला मी पूर्वी आणीबाणीचं अन्न समजायचो. डबा भरल्यावर दाबाखाली तापवतात, त्यात काटे इतके मऊ होतात की तेही खाल्ले जातात, आणि त्यांच्यातलं कॅल्शियमही पोटात जातं. बारीक कांदा, मिरची, कोथिंबीर, लिंबू, डब्यातलंच चमचाभर तेल, गरम भात किंवा पावाचा तुकडा. घासायला एक ताट आणि एक चमचा. रिकामा डबा गार पाण्याने विसळून वाळत ठेवायचा आणि झाकणाची धार सांभाळायची, ती सुरीपेक्षा तीक्ष्ण असते.